फासा टाका, गोष्ट पुढे न्या!

मैत्रिणींनो, भिशी म्हटली की पत्ते नाहीतर हाउजी! पण परवा पनवेलला आमच्या भिशीत लेकीने नवाच खेळ मांडला, ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या अमेरिकनांनी तो १९७४ मध्ये आणला. एकजण सूत्रधार, बाकीच्या गोष्टीतली पात्रं. बेत जमला की फसला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. नियमांचं जाडजूड पुस्तक बघून आम्ही घाबरलोच. लेक म्हणाली, ‘ते मी वाचलंय. तुम्ही फक्त सांगा, आता काय करणार?’ एरवी गप्प बसणाऱ्या शेजारच्या काकूंनी चक्क राक्षसाला बोलण्यात गुंतवलं. फासा पडला अठरा! पुढच्या खेळाचा दिवसही त्यांनीच ठरवला. तुम्हीही चौघी-पाचजणी जमा, छोट्या गोष्टीने सुरुवात करा. नियम काय, खेळता खेळता येतात!