वेष्टनाचे वाचन : घरगुती सुक्या कचऱ्याविषयी सुबोध व रंजक प्रबोधन

प्रस्तावना

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्देशानंतर कालांतराने पदवी स्तरावर पर्यावरण अभ्यास हा विषय सर्व विद्याशाखांसाठी अनिवार्य झाला. महाविद्यालयांत कचरा या विषयावर भित्तिपत्रके, घोषवाक्य स्पर्धा, पथनाट्ये आणि ‘टाकाऊतून टिकाऊ’ प्रदर्शने होत आली आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात तर स्वच्छता फेरी ठरलेलीच असते. तथापि अशा उपक्रमांतून गेलेल्या विद्यार्थ्यापुढे दह्याचा डबा, वेफर्सचे पाकीट आणि औषधाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी ठेवून यांतील काय भंगारवाला घेईल व का घेईल असे विचारले, तर तो बहुधा निरुत्तर होतो. घोषवाक्य त्याला पाठ असते. रोज हातात येणारी वस्तू मात्र अपरिचित राहते.

प्रस्तुत लेखात घरगुती कचऱ्यातील वेष्टनांचा, म्हणजेच पिशव्या, बाटल्या, पाकिटे व खोकी यांचा विचार केला आहे. हे वेष्टन हेच एक वाचनीय साधन मानले, तर विषय सुबोध होतो आणि रंजकताही बाहेरून आणावी लागत नाही, असे येथे प्रतिपादन आहे.

प्रश्नोत्तरी कीर्तनाचा वारसा

रंजनातून स्वच्छतेचे शिक्षण ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात आले की प्रथम हातातील खराट्याने गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. ज्या गाडग्यावरून त्यांना हे नाव मिळाले, ते मातीचे भांडे म्हणजे सामान्य माणसाच्या घरातील सर्वांत स्वस्त वस्तू होय. शासनाने २०००–०१ मध्ये सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानास त्यांचे नाव दिले गेले, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या कीर्तनाची पद्धत मात्र पुरेशी लक्षात घेतली जात नाही. बाबा श्रोत्यांना प्रश्न विचारीत, श्रोते उत्तर देत, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे आणि निष्कर्ष श्रोत्यांच्याच तोंडून बाहेर पडे. आजच्या कचराविषयक व्याख्यानांत चित्रफिती व सरकपट्ट्या असतात, पण श्रोत्याला बोलण्याची संधी क्वचितच मिळते. गाडगेबाबांकडून घ्यावयाची गोष्ट खराट्याइतकीच ही प्रश्नोत्तरीही आहे.

त्रिकोणाचा गैरसमज

पहिला प्रश्न बाटलीच्या तळाशी असलेल्या चिन्हाविषयी विचारता येतो. एकमेकांमागे धावणाऱ्या तीन बाणांचा त्रिकोण दिसला की वस्तूचे पुनर्चक्रीकरण होते, अशी सुशिक्षितांचीही समजूत असते. या चिन्हाची कथा मनोरंजक आहे. १९७० मध्ये, पहिल्या वसुंधरा दिनाच्या सुमारास, अमेरिकेतील पुठ्ठ्याची खोकी बनविणाऱ्या एका मोठ्या कंपनीने बोधचिन्हाची स्पर्धा घेतली. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील गॅरी अँडरसन या २३ वर्षांच्या विद्यार्थ्याचे चिन्ह निवडले गेले. त्याने आधार घेतला होता तो गणितातील मोबियस पट्टीचा. कागदाच्या पट्टीला एक पीळ देऊन तिची टोके जोडली, की एकच पृष्ठभाग असलेली वस्तू तयार होते. बोट फिरवीत गेल्यास ते कडा न ओलांडता दोन्ही बाजूंना फिरून मूळ जागी येते. वर्गात हे करून दाखविण्यास दोन मिनिटे पुरतात आणि ‘चक्र’ ही कल्पना व्याख्येविना समजते.

पुढे १९८८ मध्ये अमेरिकेतील प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने प्लॅस्टिकचे प्रकार ओळखण्यासाठी १ ते ७ असे क्रमांक ठरविले आणि ते बाणांच्या अशाच त्रिकोणात बसविले. येथे घोटाळा झाला. क्रमांक वस्तू कोणत्या प्लॅस्टिकची आहे एवढेच सांगतो. तिचे पुढे काय होईल हे सांगत नाही. १ म्हणजे पेट, २ म्हणजे जाड घनतेचे पॉलिएथिलीन, ३ म्हणजे पीव्हीसी, ४ म्हणजे कमी घनतेचे पॉलिएथिलीन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ६ म्हणजे पॉलिस्टायरिन. ७ म्हणजे ‘इतर सर्व’, आणि या इतरांत काय आहे हे सांगण्याची जबाबदारी चिन्ह घेत नाही! अमेरिकेतील मानक ठरविणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये बाण काढून साधा भरीव त्रिकोण सुचविला, परंतु जुने साचे आणि जुनी समजूत दोन्ही टिकून आहेत.

बादलीभर पाणी आणि मूठभर मीठ

क्रमांक वाचल्यावर तो पडताळून पाहणे हा पुढचा टप्पा होय. त्यासाठी प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. पाण्याची एक रिकामी बाटली घ्यावी. तिच्या अंगाचा एक तुकडा, झाकणाचा एक तुकडा आणि शेजारच्या दुधाच्या पिशवीचा एक तुकडा कापून बादलीतील पाण्यात टाकावा. तुकड्यांना चिकटलेले हवेचे बुडबुडे फसवतात, म्हणून पाण्यात साबणाचा थेंब टाकून तुकडे बोटांनी नीट चोळून घ्यावेत. कोणता बुडेल याचा अंदाज आधी सर्वांकडून घ्यावा.

बाटलीचा तुकडा तळाशी जातो. झाकण आणि दुधाची पिशवी तरंगतात. पेटची घनता पाण्याच्या सुमारे १.३८ पट आहे, तर झाकणाचे पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीन पाण्याहून हलके, म्हणजे ०.९० ते ०.९६ च्या दरम्यान असते. जिला आपण ‘एक बाटली’ म्हणतो, ती अशा रीतीने किमान दोन भिन्न पदार्थांची निघते आणि तळाचा क्रमांक केवळ तिच्या अंगाविषयी बोलतो हेही उघड होते. पुनर्चक्रीकरणाच्या कारखान्यात चुरा केलेले प्लॅस्टिक याच तत्त्वाने, पाण्याच्या टाकीत, वेगळे केले जाते. बादली ही त्या टाकीची लहान आवृत्ती आहे.

यापुढील भाग विद्यार्थ्यांना विशेष आवडतो. सीडीची जुनी पारदर्शक डबी पॉलिस्टायरिनची असते. तिचा तुकडा साध्या पाण्यात बुडतो. आता लिटरभर पाण्यात पाव किलो मीठ विरघळवावे. बुडालेला तुकडा वर येतो. पेट मात्र तळाशीच राहते. पाणी जड केले म्हणजे दोन बुडणारे पदार्थ एकमेकांपासून सुटतात. पदार्थविज्ञानाच्या पहिल्या वर्षातील आर्किमिडीजचे तत्त्व येथे स्वयंपाकघरातील मिठाशी जोडले जाते. काही ठिकाणी प्लॅस्टिक जाळून वास व ज्योत पाहण्याचा ‘प्रयोग’ दाखविला जातो, तो मात्र कटाक्षाने टाळावा. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडसारखे घातक वायू निघतात.

चकाकणारी पाकिटे मुठीत धरून ओळखता येतात. मूठ घट्ट आवळून सोडली असता स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमची पातळ पत्री चुरगळलेलीच राहते. वेफर्सचे पाकीट चरचरत पुन्हा उलगडते. तेच पाकीट पुसून दिव्यासमोर धरले, तर त्यातून दिव्याचा मंद प्रकाश दिसतो. (सूर्याकडे मात्र पाहू नये.) त्यावरील धातूचा थर इतका विरळ असतो, की तो पदार्थाला ओलावा, हवा व प्रकाश यांपासून वाचवितो, पण भंगारवाल्याला त्यातून कवडीही मिळत नाही. फळांच्या रसाचे पुठ्ठ्याचे खोके तर रचनेच्या दृष्टीने एक छोटे पुस्तकच आहे. त्यात वजनाने साधारण तीन चतुर्थांश पुठ्ठा, सुमारे २० टक्के पॉलिएथिलीन आणि ५ टक्क्यांच्या आसपास ॲल्युमिनियम असते. खोक्याचे तुकडे दोन दिवस पाण्यात भिजवून चोळले, की पुठ्ठ्याचा लगदा सुटू लागतो आणि हातात चकाकणारा पापुद्रा उरतो. कागदाच्या गिरणीतही हेच होते. फक्त तेथे चोळण्याचे काम यंत्र करते.

अंदाज आणि वजन

घरातील कचऱ्याविषयी माणूस जे सांगतो आणि प्रत्यक्षात जे टाकतो, यांत अंतर असते. हे शास्त्रीय रीतीने दाखविले ते पुरातत्त्वज्ञ विल्यम रॅथजे यांनी. ॲरिझोना विद्यापीठात १९७३ मध्ये त्यांनी कचरा प्रकल्प सुरू केला आणि टुसान शहरातील घरांचा ताजा कचरा, पुढे भूभरणातील जुना कचरा, उत्खननाच्या शिस्तीने तपासला. मद्यपानाविषयी लोक मुलाखतीत सांगत त्यापेक्षा कचऱ्यातील बाटल्या अधिक बोलक्या निघाल्या. भूभरणात दशकानुदशके पडून असलेली वर्तमानपत्रे वाचता येण्याजोगी आढळली. कागद पुरला की तो कुजतोच, या समजुतीला त्यामुळे धक्का बसला. भूभरणाची बरीच जागा हॉटेलातील खाद्यपदार्थांची वेष्टने व थर्माकोल व्यापतात असे लोक मानीत; प्रत्यक्षात त्यांचा वाटा लोकांच्या अंदाजापेक्षा पुष्कळच कमी भरला.

या पद्धतीचे घरगुती रूप सोपे आहे. आठवडाभराचा स्वच्छ सुका कचरा साठवावा. कुटुंबातील प्रत्येकाने कोणते वेष्टन संख्येने व वजनाने किती असेल, याचा अंदाज चिठ्ठीवर लिहावा. मग मोजणी व वजन करावे. संख्येत पहिली येणारी वस्तू वजनात शेवटी जाण्याची शक्यता मोठी असते. चकाकणारी पाकिटे मोजायला भरपूर, तोलायला जवळजवळ काहीच नसतात. किलोवर चालणाऱ्या भंगाराच्या व्यवहारात त्यांना स्थान का नाही, याचे अर्धे उत्तर तराजूच देतो. वाणिज्य शाखेच्या प्राध्यापकांना येथे किंमत-निश्चितीचा एक आयता पाठ उपलब्ध आहे.

‘टाकाऊतून टिकाऊ’ची मर्यादा

बाटलीची फुलदाणी आणि पाकिटांचे तोरण यांना महाविद्यालयीन प्रदर्शनांत बक्षिसे मिळतात. त्यामागील हेतू चांगला असला, तरी या प्रकाराचे परीक्षण व्हावयास हवे. रंग, गोंद आणि चमकी लावलेली बाटली भंगारवाला घेत नाही. जे पेट विकले गेले असते, ते प्रदर्शनानंतर कचरापेटीत जाते. म्हणजे पुनर्चक्रीकरणाच्या नावाखाली एक पुनर्चक्रीकरणक्षम वस्तू बाद होते.

अरविंद गुप्ता यांच्या खेळण्यांची गोष्ट वेगळी आहे. आयआयटी कानपूरमधून अभियंता झालेल्या गुप्ता यांनी होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमापासून आरंभ करून पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत २००३ ते २०१४ या काळात टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी घडविली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शीतपेयाच्या नळीचे टोक चपटे करून कापले की तिची पिपाणी होते, आणि वाजवता वाजवता ती कात्रीने आखूड करीत गेले की स्वर चढत जातो. येथे वस्तू शोभेसाठी जपली जात नाही. ती तत्त्व समजावून देते आणि संपते. (प्लॅस्टिकच्या अशा नळ्यांवर १ जुलै २०२२ पासून देशात बंदी असल्याने हा प्रयोग आता घरात उरलेल्या जुन्या नळीवरच करावा लागेल!) खेळणे पाहून झाल्यावर मुलाला ध्वनीविषयी काय कळले, असा प्रश्न गुप्तांच्या पद्धतीत विचारता येतो. फुलदाणीच्या बाबतीत विचारण्याजोगा प्रश्नच उरत नाही.

कागद, काच, पत्रा

घराचा उंबरठा ओलांडल्यावर हे वेष्टन कोणाच्या हातात पडते, हे सांगितल्याविना प्रबोधन अपुरे राहते. पुण्यात एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागाच्या कार्यकर्त्यांनी १९९० च्या सुमारास कचरा वेचणाऱ्या स्त्रिया व मुलांमध्ये काम सुरू केले. साक्षरतेसाठी गेलेल्या शिक्षकांना असे दिसले, की कचरा मुळातच वेगळा मिळाला तर या स्त्रियांचे श्रम, दुखापती आणि पेटीत हात घालण्याची अवहेलना कमी होईल आणि मिळकत वाढेल. त्यातून १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ पासून पुणे महानगरपालिकेशी झालेल्या करारानुसार घरोघरचा कचरा गोळा करू लागली. या चळवळीचा उगम विद्यापीठाच्या एका विभागात आहे, ही बाब अध्यापकांनी विशेष ध्यानात घ्यावी.

संघटनेच्या नावातील पहिले तीन शब्द म्हणजे वर्गीकरणाची एक यादीच आहे. कचरावेचक स्त्री प्लॅस्टिकचा क्रमांक पाहत नाही; ती बोटांत चुरगळून आवाज ऐकते, ताणून पाहते आणि क्षणार्धात ढीग ठरविते. वर बादलीत जे केले, ते ती पाण्याविना करते. महाविद्यालयातील कार्यशाळेत अशा ज्येष्ठ वेचकाला तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून सन्मानाने व मानधन देऊन बोलावणे, आणि विद्यार्थ्यांनी तिच्याबरोबर वेगाने वर्गीकरणाची शर्यत लावणे, हा कोणत्याही पथनाट्यापेक्षा रंगणारा प्रसंग ठरेल. विद्यार्थी हरतील, हे निश्चित.

दुधाच्या पिशवीचेच पाहा. मार्च २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीच्या अधिसूचनेत महाराष्ट्र शासनाने दुधाच्या जाड पिशव्यांना बंदीतून वगळून त्यांवर ५० पैसे परतखरेदी किंमत छापण्याची अट घातली. पिशव्या परत देण्याची सवय मात्र घरोघरी रुजली नाही. पिशवी धुऊन वाळविली तर तिला भंगारात आजही किंमत आहे. पण बहुतेक घरांत ती कापताना कोपऱ्याचा नखाएवढा तुकडा वेगळा होतो आणि केराबरोबर जातो. तो कोणाच्याही बोटांत सापडत नाही. कोपरा पुरता न कापता पिशवीला लटकत ठेवणे एवढेच येथे करावयाचे असते, आणि लहान मुलांना ही युक्ती मोठ्यांपेक्षा लवकर साधते.

वेफर्सच्या पाकिटाविषयी असे सोपे उत्तर नाही. केंद्र शासनाच्या फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्लॅस्टिक वेष्टनांचे चार गट पाडून उत्पादकांवर त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी टाकण्यात आली आहे. लवचिक पाकिटे आणि प्लॅस्टिकेतर थर असलेली बहुस्तरीय वेष्टने त्यांत स्वतंत्र गटांत मोडतात. त्यांतील थर एकमेकांपासून सोडविणे खर्चाचे असते; म्हणून गोळा झालेली अशी वेष्टने बऱ्याच अंशी सिमेंटच्या भट्ट्यांत इंधन म्हणून जातात, आणि न गोळा झालेली नाल्यात किंवा कचरा डेपोवर. ‘मग हे कोणत्या डब्यात टाकायचे?’ असा प्रश्न वर्गात आला, तर सुक्या कचऱ्यात, कोरडे करून, असे सांगावे. आणि त्याचे पुन्हा पाकीट होणार नाही हेही त्याच वाक्यात सांगावे.