अंगणातली शेगडी आणि घरातली चूल

बंगल्याच्या मागील अंगणात लोखंडी जाळीची शेगडी मांडावी, वाळलेली लाकडे पेटवावीत, ज्वाळा बसून निखारे फुलले की त्यांवर मसाला लावलेले मांस, पनीर वा मक्याची कणसे भाजावीत, हा आता अनेक सुखवस्तू शहरी कुटुंबांच्या सुटीचा कार्यक्रम झाला आहे. हमरस्त्यांवरील भोजनालये ‘चुलीवरचे मटण’ अशा पाट्या अभिमानाने लावतात. रायगडातील पोपटी आणि शेतावरचा हुरडा यांची परंपरा तर जुनीच. या हौसेला नाक मुरडण्याचे कारण नाही. निखाऱ्यावर भाजलेल्या पदार्थाची धुरकट चव गॅसवर येत नाही, हे खरेच आहे.

तथापि, तेच लाकूड वाडीवस्तीवरच्या झोपडीत जळते तेव्हा त्याचा अर्थ पालटतो. अंगणातला धूर आकाशात विरतो. झोपडीतला धूर स्वयंपाक करणारीच्या आणि तिच्याजवळ बसलेल्या मुलाच्या छातीत साठतो. अंगणातला यजमान पाऊस आला तर आत जाऊन गॅस पेटवतो. झोपडीतली गृहिणी ओली लाकडे फुंकत राहते. लाकडातील पाण्याची वाफ होण्यातच बरीच उष्णता खर्ची पडते आणि धूर वाढतो. साध्या चुलीत मुळातच सुमारे एक दशांश उष्णता भांड्यापर्यंत पोहोचते. अर्थशास्त्र जिला ‘निवड’ म्हणते, तिच्यासाठी दुसरा पर्याय हाताशी असावा लागतो.

घरातील अशा धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लक्ष मृत्यू घडले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी कुटुंबे सुमारे ५९ टक्के होती. ग्रामीण भागात हे प्रमाण ४३ टक्केच होते.

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २००२ मध्ये तो गुंडाळला गेला. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि तिची आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये औरंगाबाद येथे देण्यात आली. परंतु जोडणी एकदाच मिळते, टाकी मात्र पुन्हा पुन्हा भरावी लागते. २०२२ मध्ये प्रत्येक टाकीमागे २०० रुपयांचे अनुदान जाहीर झाले, २०२३ मध्ये ते ३०० झाले. ही रक्कम खात्यावर जमा होते ती खरेदीनंतर. रोजंदारीवर जगणाऱ्या घराला अडचण येते ती नेमकी आरंभीच, एकरकमी पैसा उभा करण्याची. लाकूड त्यामानाने फुकट वाटते. कारण ते गोळा करण्यात गेलेल्या बाईच्या तासांचा हिशेब घरात कोणीच मांडत नाही.

म्हणून अनुदान खरेदीच्या वेळीच किमतीतून वजा व्हावे, पाच किलोची लहान टाकी वस्तीपर्यंत सहज पोहोचावी आणि जेथे चूल अटळ आहे तेथे निदान धुराडे असावे. या मागण्या अवाजवी नाहीत. वाडीवरची स्त्रीही ज्या दिवशी केवळ चवीसाठी, केवळ हौसेने लाकडे पेटवील, त्या दिवशी चुलीवरच्या जेवणाचे कौतुक खऱ्या अर्थाने सर्वांचे होईल.