दोन दिवसांची सुट्टी, पाठीवर पिशवी आणि नवेगावबांध

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. त्याआधी आम्हा कारकुनांना दुसरा आणि चौथा शनिवार तेवढा मिळे. आता दर आठवड्याला सलग दोन दिवस हाती येतात. ते जातात कुठे, असे नोकरी करणाऱ्या कोणत्याही भगिनीला विचारा. शनिवारी धुणे आणि दळण, रविवारी पाहुणे किंवा एखादे लग्न, आणि सोमवारी पुन्हा टेबल. मजुरी करणाऱ्या बायांना तर हे दोन दिवसही नाहीत, हे मी विसरलेले नाही.

आपल्या माणसांना जंगल नवीन नाही. तेंदूपत्ता, मोह, सरपण यांसाठी आपल्या आयाबाया डोंगर चढल्या आहेत. पण डोक्यावर मोळी नसताना, नुसते तळे पाहायला पायी जायचे म्हटले की घरातून पहिला प्रश्न येतो, "कशाला?" फिरायला जाणे म्हणजे गाडी, हॉटेल आणि पैसेवाल्यांचे काम, असे आपण मनाशी धरून बसलो आहोत. मला हे पटत नाही. आपला जिल्हाच तलावांचा आहे. गोंदियाला लागून असलेल्या आमच्या मुर्रीसारख्या गावातून सकाळी निघून दुपारी डोंगरातल्या तळ्यावर पोचता येते, आणि खर्च म्हणाल तर पॅसेंजरचे तिकीट आणि घरचा डबा.

आमच्या वस्तीतल्या काही जणी आणि आमच्या मुली असे आम्ही गेली काही वर्षे जातो. सुरुवातीला मुलींना परवानगी मिळवणे हेच डोंगर चढण्यापेक्षा जड होते. आयांचे प्रश्न तीनच असत: सोबत कोण, झोपायचे कुठे, परत कधी. प्रश्न चुकीचे नाहीत. म्हणून आम्ही जाण्यापूर्वी प्रत्येक घरी एक कागद देतो. त्यावर गाडीची वेळ, मुक्कामाचे ठिकाण, सोबतच्या मोठ्या बायांची नावे आणि फोन नंबर लिहिलेले असतात. कारकुनी सवय म्हणा, पण या कागदाने जेवढी दारे उघडली तेवढी भाषणांनी उघडली नसती.

जायचा हंगाम ऑक्टोबर. पावसाळा संपत आलेला, तळी काठोकाठ भरलेली, डोंगर अजून हिरवे आणि हलका धान कापणीला आलेला. पण हाच महिना फसवा आहे. विदर्भातून मान्सून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघार घेतो, तरी पाऊस संपत नाही. हस्त नक्षत्र १० ऑक्टोबरच्या सुमारास संपते, मग चित्रा, मग स्वाती. नक्षत्रांची नावे घेतली म्हणून कोणी भुवया उंचावू नयेत. यात भविष्य नाही, तो शेतकऱ्याचा पंधरवड्यांचा हिशेब आहे. हत्तीचा पाऊस कडकडाट करून येतो हे आपल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होते. सकाळी आकाश धुतल्यासारखे निळे, दुपारी अंग भाजणारे ऊन, तीनच्या सुमारास पूर्वेला काळा ढग आणि चारला विजा. रात्री तळ्याकाठी अंगावर चादर पुरत नाही.

त्यातच बंगालच्या उपसागरात वादळ उठले तर हिशेबच बदलतो. २०१३ चे फायलिन आणि २०१४ चे हुदहुद ही दोन्ही वादळे १२ ऑक्टोबरलाच किनाऱ्याला धडकली, एक ओडिशात गोपाळपूरजवळ, दुसरे आंध्रात विशाखापट्टणमला. किनारा इथून दूर असला तरी अशा वादळाचे ढग छत्तीसगडवर आले की आपण त्यांच्या शेजारीच असतो. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी बातम्यांत "उपसागरात कमी दाबाचा पट्टा" हे शब्द ऐकले की आम्ही बेत पुढे ढकलतो. त्यावर चर्चा नाही.

नवेगावबांध आमचे सर्वांत आवडते. गोंदियाहून बल्लारशाच्या लाईनवर देऊळगाव स्टेशनला उतरायचे. पूर्वी ही छोटी लाईन होती, नव्वदच्या दशकात मोठी झाली. स्टेशनपासून गावापर्यंत आणि पुढे तलावापर्यंत पायी. गाड्यांच्या वेळा बदलत असतात, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करावी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, आणि नशीब असेल तर सारसाची जोडी. महाराष्ट्रात हा पक्षी मुख्यतः आपल्याच जिल्ह्यात उरला आहे. ऑक्टोबरात त्यांची पिल्ले लहान असू शकतात, म्हणून फोटोसाठी बांधीत उतरू नये.

तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. डोंगरांच्या मधल्या खिंडी मातीच्या पाळींनी अडवल्या आणि डोंगरांनाच भिंती केले. इंग्रजांच्या गॅझेटियरात या तलावाचा घेर १७ मैल लिहिला आहे. भोवतीच्या सात टेकड्यांना लोक सातबहिणी म्हणतात. असे जुने तलाव या भागात गावोगावी आहेत. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली, तेव्हापासून कागदोपत्री त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात. मालगुजाराचे नाव कागदावर राहिले, ज्यांनी टोपल्यांनी माती वाहिली त्यांचे नाही. पूर्वी घाटावर कोणी कुठे पाणी भरायचे हेही ठरलेले असे. महाडच्या चवदार तळ्याची २० मार्च १९२७ ही तारीख ज्यांना पाठ आहे, त्यांना अधिक सांगायला नको. आमच्या मुली नवेगावच्या पाळीवर पाय सोडून बसतात आणि डबा उघडतात, तेव्हा मला ते दृश्य साधे वाटत नाही. त्यांना मात्र वाटते, आणि ते बरेच आहे.

वन अधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांच्या नोकरीची बरीच वर्षे याच तळ्याकाठी गेली. जून २०२५ मध्ये ते गेले. इथले माधवराव पाटील डोंगरवार यांच्याविषयी त्यांनी फार आदराने लिहिले आहे. मोठ्या मुलींनी जाण्याआधी त्यांचे एखादे पुस्तक वाचनालयातून आणून वाचावे. पाहिलेला पक्षी नुसता 'पांढरा' राहत नाही.

एका ऑक्टोबरातला प्रसंग सांगते. आम्ही अकरा जणी पाळीवर होतो. ऊन इतके की मुली पदर आणि ओढण्या डोक्यावर घेऊन चालत होत्या. ढग म्हणून डोळ्यांना दिसत नव्हता. खाली एक वयस्क ढिवरभाऊ जाळे आवरीत होते. त्यांनी डोंगा काठाला लावला आणि हात हलवून ओरडले, "बाई, पोरींना घेऊन खाली उतरा, हे आलंच!" मी मागे पाहिले. टेकडीच्या पलीकडून निळसर काळी भिंत वर येत होती आणि दूरचे पाणी शाईसारखे झाले होते. दोन मुली म्हणाल्या, "मावशी, टोकापर्यंत जाऊन येऊ ना, थोडंच उरलंय." आमचा नियम असा आहे की परत फिरा असे एकीनेही म्हटले तर सगळ्यांनी फिरायचे, आणि त्या दिवशी ते आमच्यातल्या सर्वांत लहान मुलीने म्हटले. आम्ही पाळ उतरून गावाच्या बाजूला एका पक्क्या इमारतीच्या ओसरीत पोचलो. पाच-सात मिनिटांत पाळ दिसेनाशी झाली. वीज पाण्यावर पडताना मी पहिल्यांदा तेव्हा पाहिली. ढिवरभाऊ आमच्या आधीच तिथे बिडी ओढत बसले होते. "टोक कुठं पळून जाते काय?" एवढेच म्हणाले.

उंच पाळीवर माणूस हीच सर्वांत उंच वस्तू असते आणि वीज उंचवटा शोधते. गडगडाट कानी आला की थांबायचे नाही, खाली उतरायचे, पाण्यापासून आणि एकट्या झाडापासून दूर व्हायचे. पक्के घर किंवा बंद गाडी मिळाली तर उत्तम. नाहीच मिळाली तर एकमेकींपासून अंतर ठेवून पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये. पुण्याच्या हवामान संस्थेने काढलेले 'दामिनी' नावाचे अ‍ॅप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. एका तरी फोनमध्ये ते असावे.

सामानाचे म्हणाल तर महागडी सॅक लागत नाही. कॉलेजची जुनी बॅग चालते, फक्त आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालून सगळे सामान त्यात बांधावे. एक कोरडा जोड आणि एक स्वेटर शेवटपर्यंत कोरडा राहिला पाहिजे. जीनची पँट भिजली की दोन दिवस वाळत नाही, सलवार किंवा ट्रॅक पँट बरी. टॉर्च, मच्छरदाणी, मीठ-साखर, उकळलेले पाणी. तळ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी तसेच पिऊ नये. आणि पोहायला उतरू नये. कमळाचे आणि शिंगाड्याचे वेल पायाला गुंडाळतात, सांडव्यावर शेवाळ असते. जवान पोरे अशीच जातात.

मुक्काम छताखालीच करावा. तळ्याकाठी तंबूत झोपण्याचे चित्र छान दिसते, पण मण्यार रात्री फिरतो, त्याचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही आणि सकाळी पोट दुखते, पापण्या जड होतात, तोवर उशीर झालेला असतो. मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचली तर डास आणि साप दोन्ही बाहेर राहतात. आपला जंगलपट्टा हिवतापाचा आहेच. शिवाय २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसने माणसे दगावली. गवतातल्या बारीक किड्यांमुळे तो होतो, म्हणून गवतात अंग टाकू नये. परतल्यावर पंधरा दिवसांत ताप आला, अंगावर कुठे काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना "जंगलात गेलो होतो" हे न विचारता सांगावे. वेळेवर ओळखला तर साध्या गोळ्यांनी बरा होतो.

आणि जंगलाचे नियम. १९७५ चे नवेगाव राष्ट्रीय उद्यान आणि १९७० चे नागझिरा अभयारण्य मिळून डिसेंबर २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या गाभ्यात पायी फिरता येत नाही, परवानगी असलेल्या गाडीनेच जाता येते. नागझिऱ्याचे तळे पाहायचे तर तसेच पाहावे. २०२३ च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी तिथे आणून सोडल्या, तेव्हा हा नियम कोणाच्या भल्याचा आहे हे वेगळे सांगायला नको. तिरोडा तालुक्यातली बोदलकसा आणि चोरखमारा ही तळीही याच जंगलाच्या कडेला आहेत. तिथे पाळीवर फिरावे, आडवाटेला शिरण्यापूर्वी वनरक्षकाला विचारावे.

आमचा पुढचा बेत गाढवी नदीवरच्या इटियाडोहचा आहे. वाटेवर गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, १९७० च्या दशकापासूनची. तीही बुद्धाला मानणारी माणसे, पण आपल्यापैकी किती जण तिथला विहार पाहून आले? थंडी सुरू झाली की त्यांच्यातले पुष्कळ जण स्वेटर विकायला शहरांत जातात, तेव्हा ऑक्टोबरातच गेलेले बरे.

नवेगावला जाणाऱ्यांनी परतताना शिंगाडे जरूर घ्यावेत, याच दिवसांत ते निघू लागतात. कच्चे घ्यावेत की उकडलेले, यावर आमच्यात अजून एकमत झालेले नाही.