प्रोस्टेटचा कर्करोग: जनुके बिघडतात तेव्हा

प्रोस्टेट ग्रंथीच्या पेशी पुरुषी संप्रेरकांच्या इशाऱ्यावर वाढतात आणि कर्करोग नेमकी हीच यंत्रणा ताब्यात घेतो. टीएमपीआरएसएस२ आणि ईआरजी ही जनुके २१व्या गुणसूत्रावर असतात. मधला तुकडा गळून ती एकमेकांना जोडली गेली, की प्रोस्टेटमध्ये एरवी शांत असणारे ईआरजी संप्रेरकाच्या हुकमाने कामाला लागते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात अरुल चिन्नय्यन यांच्या गटाने २००५ मध्ये हे जोडजनुक उजेडात आणले. पाश्चात्त्य रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांत ते आढळते.

एवढ्याने रोग आक्रमक होतोच असे नाही. वाढीला लगाम घालणारे पीटीईएन जनुक नष्ट झाले, की धोका वाढतो.

संप्रेरक रोखणाऱ्या उपचारांनी गाठ आधी आक्रसते. मात्र पुढे तग धरलेल्या काही पेशींत संप्रेरक-ग्राहीच्या जनुकाच्या जादा प्रती तयार होतात. काहींत एआर-व्ही७ हा आखूड ग्राही बनतो, त्याला संप्रेरक लागतच नाही. टीपी५३ आणि आरबी१ ही दोन्ही जनुके गमावलेल्या पेशी कधीकधी चेता-अंतःस्रावी रूप घेतात. हा प्रकार सर्वांत फसवा, कारण रक्तातील पीएसए या प्रोस्टेट-प्रथिनाचा आकडा कमी असूनही रोग पसरत राहतो.

बीआरसीए२ या जनुकातील दोष वारशानेही येतो आणि स्तन व अंडाशयाच्या कर्करोगाशीही त्याचा संबंध असतो. म्हणून घरातील अशा कर्करोगांची माहिती पुरुष रुग्णाकडूनही घ्यायलाच हवी. बीआरसीए२ बिघडलेल्या गाठींची डीएनए-दुरुस्ती दुबळी असते आणि ओलापॅरिब हे औषध त्याच दुबळेपणावर घाव घालते. प्रोस्टेटच्या प्रगत कर्करोगासाठी त्याला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली.