विंडोज ११ नंतर वाय-फाय बंद? दोष यंत्रात नव्हे, बहुधा ‘ड्रायव्हर’मध्ये

रायपूर : सोन्या-चांदीच्या पेढ्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या येथील सदर बाजारासारख्या व्यापारपेठांत आज वहीइतकाच लॅपटॉपही महत्त्वाचा झाला आहे. दागिन्यांवरील ३ टक्के वस्तू व सेवा कराचा हिशेब, तसेच वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांहून अधिक असलेल्या व्यापाऱ्यांची घाऊक व्यवहारांची ई-बिले इंटरनेटवरच अवलंबून असतात. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना ‘जीएसटीआर-३बी’ पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत सादर करावे लागते. करदायित्व असल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसाला ५० रुपये शुल्क आकारले जाते. अशा वेळी लॅपटॉपचे वाय-फाय बंद पडणे ही किरकोळ गैरसोय राहत नाही.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवल्याने जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ घेणे अनेकांना भाग पडले. अशा बदलानंतर काही यंत्रांवरील वाय-फाय बंद पडते. त्यामागील प्रमुख कारण म्हणजे ‘ड्रायव्हर’. लॅपटॉपमधील वाय-फाय चिप आणि कार्यप्रणाली यांच्यात दुभाष्याचे काम करणारी ही आज्ञावली असते. नवी प्रणाली बसताना जुना ड्रायव्हर बदलला जातो अथवा नव्या प्रणालीशी जुळत नाही. चिप शाबूत असते, मात्र तिच्याशी संवाद तुटतो.

प्रथम त्याच वाय-फायवर मोबाइल चालतो का, हे पाहावे. तो चालत असेल तर राउटर बहुधा निर्दोष आहे. त्यानंतर लॅपटॉपचा ‘एअरप्लेन मोड’ बंद असल्याची खात्री करावी. जाळ्याचे नाव दिसते पण जोडणी होत नसेल, तर ते ‘फर्गेट’ करून पासवर्ड नव्याने द्यावा. सेटिंग्जमधून वाय-फायचा पर्यायच नाहीसा झाला असेल, तर ड्रायव्हरचा संशय बळावतो.

त्यासाठी स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावे व ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ पाहावे. वाय-फायच्या नावावर पिवळी खूण असल्यास त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने जुना ड्रायव्हर परत आणता येतो. हा पर्याय निष्क्रिय असेल तर ‘अनइन्स्टॉल’ करून लॅपटॉप पुन्हा सुरू करावा. प्रणाली ड्रायव्हर आपोआप बसवण्याचा प्रयत्न करते. नवा ड्रायव्हर हाती नसताना मात्र ड्रायव्हरच्या फाइल काढून टाकण्याच्या चौकटीत खूण करू नये.

नवा ड्रायव्हर मिळवण्यासाठी इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर, असा येथे पेच निर्माण होतो. अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू केल्यास तो सहसा सुटतो. त्यानंतर लॅपटॉप उत्पादकाच्या संकेतस्थळावरून नेमक्या मॉडेलचाच ड्रायव्हर घ्यावा. अनोळखी संकेतस्थळावरील ‘मोफत ड्रायव्हर’ टाळणे हिताचे.

एवढ्यानेही न भागल्यास ‘नेटवर्क रीसेट’ करता येते. मात्र त्यात साठवलेले वाय-फाय पासवर्ड पुसले जातात. कधी दोष अद्ययावत आवृत्तीतच असतो. डिसेंबर २०२३ मध्ये विंडोज ११ च्या एका अद्यतनानंतर काही शैक्षणिक व कार्यालयीन जाळ्यांवर वाय-फाय जोडले जात नव्हते; मायक्रोसॉफ्टने ते मान्य करून दुरुस्ती दिली होती.

अखेरचा मार्ग म्हणजे जुन्या प्रणालीकडे परतणे. ‘रिकव्हरी’मधील ‘गो बॅक’ची सोय साधारणपणे बदलानंतर १० दिवसच उपलब्ध असते. त्यामुळे दुरुस्ती लांबणीवर टाकू नये आणि परतण्यापूर्वी हिशेबाच्या फाइलींची प्रत काढून ठेवावी. विंडोज १० ला नियमित सुरक्षा अद्यतने मिळत नसल्याने हा उपाय तात्पुरताच मानावा.

प्रणाली बदलण्याआधीच वाय-फायचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवणे आणि विवरणपत्राच्या मुदतीच्या तोंडावर असा बदल टाळणे, या दोन खबरदाऱ्या पुढील बराचसा मनस्ताप वाचवतात.