गाईचा पट्टा एका कंपनीचा, मोबाईल दुसऱ्या कंपनीचा: उपकरणांचा मेळ कोणी राखायचा?

कात्रज डेअरी, म्हणजेच पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, सर्वांच्या परिचयाची आहे. अशा संघांना दूध देणाऱ्या गावातील संकलन केंद्रावर वजनकाटा एका कंपनीचा, फॅट मशिन दुसऱ्या कंपनीचे आणि संगणक तिसऱ्याच कंपनीचा असू शकतो. तिन्ही जोडलेले असतील तर लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर थेट पावतीवर छापून येतात. जोडणी नसेल तर आकडे हाताने भरावे लागतात, आणि चूक झाली तर फटका उत्पादकाला बसतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांनी असे एकत्र काम करणे म्हणजेच 'इंटरऑपरेबिलिटी'.

गोठ्याशी संबंध काय?

गाईच्या गळ्यातील सेन्सर पट्टा हालचाल मोजतो आणि माजाची सूचना मोबाईलवर पाठवतो. सकाळी माज दिसल्यास संध्याकाळी रेतन करावे लागते. सूचना उशिरा मिळाली तर पुढच्या माजापर्यंत सुमारे २१ दिवस थांबावे लागते आणि तेवढा खर्च वाढतो.

पडदा बंद असताना ॲपला किती काम करू द्यायचे, हे मोबाईलची प्रणाली बनवणारी गूगल किंवा ॲपल ठरवते. अशा कंपनीने स्वतःच्या उपकरणाला पूर्ण मुभा आणि इतरांना अपुरी मुभा दिली, तर चांगले व स्वस्त उपकरणही मागे पडते.

कायदा काय सांगतो?

- युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स ॲक्टनुसार मार्च २०२५ मध्ये ॲपलला आदेश देण्यात आला, की इतर कंपन्यांची घड्याळे, हेडफोन यांनाही आयफोनशी नीट जोडणी द्यावी. यामुळे ग्राहकांची माहिती असुरक्षित होईल, असा ॲपलचा आक्षेप आहे.
- भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडसंबंधी प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला.
- केंद्राच्या समितीने तयार केलेला डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र मसुदा म्हणजे कायदा नव्हे.

माहितीची सुरक्षा महत्त्वाची आहेच. म्हणून नियम असा हवा: सुरक्षेच्या अटी जरूर घालाव्यात, पण त्या स्वतःच्या आणि इतरांच्या उपकरणांना सारख्याच असाव्यात.

खरेदीपूर्वी हे तपासा

१. विक्रेत्याला आपल्याच मोबाईलवर, पडदा बंद ठेवून, सूचना आणून दाखवायला सांगा.
२. सर्व नोंदी एक्सेल फाइलमध्ये मोफत काढता येतात का?
३. वर्गणी थांबवल्यास जुन्या नोंदी मिळतील का?
४. नोंदी गाईच्या कानातील बिल्ल्याच्या १२ अंकी क्रमांकाने ठेवता येतात का? तसे असेल तर कंपनी बदलली तरी गाईचा इतिहास हरवत नाही.
५. ही उत्तरे कोटेशनवर लेखी घ्या.

विस्तार कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकात किमान दोन वेगवेगळे मोबाईल वापरावेत. पट्टा असला तरी सकाळ-संध्याकाळ गाईंचे निरीक्षण चुकवू नये.