परम, रुद्र आणि केनवडचा पाऊस

केनवड आज वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात आहे. १ जुलै १९९८ रोजी वाशिम वेगळा झाला, त्याआधी हे गाव अकोला जिल्ह्यात मोडायचे. त्याच जुन्या जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंब्याचे डॉ. विजय भटकर. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक, म्हणजे प्रगत संगणन विकास केंद्र, उभे राहिले तेव्हा त्याची धुरा या वऱ्हाडी माणसाकडे आली.

त्यामागे पाऊसही होताच. हवामानाच्या अंदाजासाठी भारताला अमेरिकेचा क्रे महासंगणक हवा होता. तो मिळाला, पण दुसऱ्या कुठल्याही कामाला लावायचा नाही या अटीवर. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी मागितलेले यंत्र तर मिळालेच नाही. मग ठरले, आपणच बनवू. मुदत तीन वर्षे, खर्च सुमारे ३० कोटी. १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला.

एकच अतिवेगवान प्रोसेसर घडवण्याच्या फंदात भटकरांची मंडळी पडली नाहीत. इनमॉस या ब्रिटिश कंपनीची ट्रान्सप्यूटर नावाची चिप बाजारात होती. तिला शेजारच्या चिपांशी बोलण्यासाठी चार जोडण्या असत. अशा ६४ चिपा जोडून एकच गणित सगळ्यांत वाटून दिले. सोयाबीन सोंगायला एका तगड्या गड्याऐवजी अख्खी टोळी लावावी, तसेच हे. आणि टोळीचे भागते ते आपसात मेळ असला तरच. महासंगणकातही खरी मेख जोडणीची असते. सी-डॅक आजही ‘त्रिनेत्र’ नावाची स्वतःची जोडणी घडवते आहे ती त्यामुळेच.

पुढचा हिशेब झटपट सांगतो. नोव्हेंबर २०२० मध्ये परम सिद्धी-एआय जगातल्या पाचशे वेगवान संगणकांच्या यादीत ६३वा आला. जून २०२३ मध्ये पुण्यातलाच ऐरावत ७५वा. वर्तमानपत्रांत मथळे या क्रमांकांचेच झाले. मला मात्र २६ सप्टेंबर २०२४ची तारीख मोलाची वाटते. त्या दिवशी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन परम रुद्र यंत्रांचे लोकार्पण झाले. खर्च १३० कोटी. पुण्याचे यंत्र खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी. यातला ‘रुद्र’ सर्व्हर सी-डॅकने स्वतः आखला आणि तो भारतातच बनला. आतला प्रोसेसर अजून इंटेलचाच. ९६ गाभ्यांचा देशी ‘औम’ घडवण्याचे काम सुरू आहे.

आणि त्याच दिवशी आणखी एका यंत्राचे लोकार्पण झाले, केनवडच्या शिवाराशी थेट संबंध असलेले. पुण्यात पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतला ‘अर्क’ महासंगणक. त्याच्या जोरावर मे २०२५ मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली. आधीच्या अंदाजात नकाशाचा एक चौकोन १२ किलोमीटरचा असे, म्हणजे १४४ चौरस किलोमीटरला एकच उत्तर. आता चौकोन ६ किलोमीटरचा. बाजू निम्मी झाली की चौकोन चौपट होतात, गणिताचे टप्पेही वेळेत अधिक जवळ घ्यावे लागतात, म्हणून काम साधारण आठपट वाढते. जूनमध्ये पेरणी करावी की थांबावे, हा बियाण्याच्या पैशाचा प्रश्न असतो. शेजारच्या गावात पाऊस आणि आपल्याकडे फुफाटा, हे केनवडच्या माणसाला सांगावे लागत नाही. ३६ चौरस किलोमीटरच्या चौकोनातही ते पूर्ण सुटत नाही, पण अंदाज गावाच्या जवळ आला एवढे खरे.

‘अर्क’ मात्र सी-डॅकचा नाही. तो फ्रान्सच्या ॲटॉस समूहातील इव्हिडेन कंपनीकडून घेतला आहे.

जाता जाता एक. तहसीलमध्ये टाइपिंग केलेल्या कुणालाही सी-डॅक ठाऊक असते ते परममुळे नाही, ‘योगेश’ आणि ‘सुरेख’ या फाँटमुळे. ते फाँट नसलेल्या संगणकावर त्यांत टाइप केलेली मराठी फाइल उघडली की अगम्य चिन्हांचा खच दिसतो. युनिकोड आले आणि तो ताप बराचसा मिटला. पण कार्यालयांत मराठी संगणकावर आणण्यात या संस्थेचा मोठा वाटा आहे, हे श्रेय तिला द्यायलाच हवे.

यंत्राचा सांगाडा आपला झाला, भाषा आपली झाली. चिप आणि पावसाचे गणित करणारा महासंगणक अजून बाहेरचे आहेत. ज्या कामासाठी सी-डॅक जन्माला आले, ते माझ्या मते निम्मेच झाले आहे.